पडेल का, ते सरळ सांगा

आमच्या कामात एक शब्द वर्ज्य आहे. मी लिफ्टच्या कंपनीत फोनवर बसते. लिफ्ट मध्येच अडकली आणि आतल्या माणसाने लाल बटण दाबलं की त्याला माझा आवाज ऐकू येतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवायचं, दार उचकटू द्यायचं नाही, आणि काही झालं तरी 'पडणे' तोंडातून काढायचं नाही. एकीने 'काळजीत पडू नका' म्हटलं, तर साहेबांनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. अडकलेला माणूस तो एक शब्द ऐकतो आणि बाकीचं सगळं विसरतो, असं ते म्हणतात. खरंच असावं. मी तरी कधी खोलात शिरले नाही, कारण मला नोकरी टिकवायची होती.

हा नियम मी घरीही नेला. घरी शब्द तेवढा वेगळा होता.

माझा दादा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि दादा मेणात एकेक दात बसवायचा. अर्धं शहर माझे दात घालून हसतं, असं तो सांगायचा, तेव्हा त्याला विनोद सुचायचे. मग हळूहळू सुचेनासे झाले. जेवण कमी झालं, आंघोळ कमी झाली, आणि एके दिवशी तो कामावर जायला उठलाच नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या त्याने गिळल्या की नाही हे बघायला आई त्याच्यासमोर उभी राहायची. शेजारी विचारत, तर ती सांगायची, पाठ धरलीय. आजवर इतके दिवस कुणाची पाठ धरलेली मी पाहिलेली नाही, पण शेजारी भले, त्यांनी विश्वास ठेवला.

आम्ही दोघी त्याला डोळ्यांत तेल घालून जपत होतो. न्हाणीघराची आतली कडी मी स्वतः काढली. तो आत गेला की बाहेर कुणीतरी उभं, आणि पाण्याचा आवाज थांबला की 'दादा, टॉवेल हवा का रे?' मी कामावर गेले की आई बसायची, आई झोपली की मी बसायची. दोन खोल्या, तीन माणसं, आणि कुणालाही बाहेर जायची सोय नाही. लहानपणी मी एका पेन्सिलीवरून या माणसाचं कपाळ फोडलं होतं, आणि आता त्याच्याशी मधात बुडवल्यासारखं बोलत होते. आवाज चढवायचा नाही, टीव्हीवर बातम्या लावायच्या नाहीत, आणि मरण हा शब्द तर उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचा नाही. अडकलेल्याला घाबरवू नये, एवढंच मला ठाऊक होतं. कामावर जाताना रस्ता ओलांडताना मी हल्ली इकडेतिकडे बघत नसे. घाई असेल, असं मी स्वतःला सांगायची.

एका दुपारी वाचनालयाच्या इमारतीतून बटण वाजलं. आत एकटीच बाई होती. मी सुरू केलं, शांत राहा, तुम्ही सुरक्षित आहात, आमचा माणूस निघालाय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, हे तुम्ही पाठ केलंय. पडेल का, ते सरळ सांगा."

मी म्हटलं, तुम्ही दारापासून लांब उभ्या राहा. तिने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा दार सांगितलं. असं बराच वेळ चाललं आणि माझा पारा चढला. "नाही पडणार," मी म्हटलं. "दोर तुटले तरी ब्रेक धरतात. पडायची असती तर एव्हाना पडली असती."

ती मोठ्याने हसली आणि बसकण मारल्याचा आवाज आला. ती म्हणाली, आता बरं वाटलं, तुम्ही तो शब्द टाळत होतात म्हणून मला दरदरून घाम फुटला होता. मग ती मोकळी बोलत राहिली. ती कुत्र्यांना आंघोळ घालायचं, त्यांचे केस कापायचं काम करायची. तिसऱ्या मजल्यावर दर गुरुवारी काही माणसं जमत. प्रत्येकाने कधी ना कधी स्वतःला संपवायचं ठरवलं होतं, तीही त्यातलीच. तिथे कुणी उपदेश करत नाही, चहा मात्र भयंकर असतो. अगदीच कडेलोटाची वेळ आली तर एक नंबर आहे, कधीही लावा, कुणीतरी उचलतं, गरज असेल तर नर्सला घेऊन घरी येतं. ती स्वतःही पाळीने जायची. हे सगळं तिने दुकानाचा पत्ता सांगावा इतकं सहज सांगितलं.

आमचे फोन रेकॉर्ड होतात. तरीही मी बोलले. "माझा दादा," एवढंच म्हटलं.

मग तिने विचारलं, "मरावंसं वाटतं का, असं त्याला विचारलंत?"

असला संताप आला मला. लिफ्टमध्ये अडकलेली बाई, आणि मला अक्कल शिकवते. मी म्हटलं, असं विचारून त्याच्या डोक्यात नसलेलं घालायचं का? ती म्हणाली, ते तिथे असेल तर तुमच्याआधीच असेल, फक्त तुमचा दादा त्या विचारासोबत एकटा असेल. तेवढ्यात मेकॅनिक पोचला, दार उघडलं आणि जाता जाता तिने नंबर सांगितला. नंबर माझ्या ध्यानात राहतात, तो रोगच आहे मला.

घरी आले तर आईचा चेहरा फुललेला. ती मला दारातच ओढून कुजबुजली, बघ, आज उठला, आंघोळ केली, दाढी केली, सकाळपासून आवरतोय. दादा जमिनीवर बसून मेण कोरायची हत्यारं फडक्याने पुसत होता. एकेक पुसून कापडात गुंडाळत होता. त्या हत्यारांना तो मला कधी बोट लावू द्यायचा नाही. मी विचारलं, कामावर जाणार? तो म्हणाला, नाही, ही कामावर माझ्या शेजारी बसतो त्याला देऊन टाक, मला आता नको आहेत. किती महिन्यांनी त्याचा आवाज इतका शांत होता. आई देवाचे आभार मानत होती आणि मला त्या बाईचा प्रश्न आठवला.

मी त्याच्यासमोर बसले.

"दादा, तू मरायचं ठरवलंयस का?"

आई म्हणाली, तुझी जीभ झडो. दादाने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"हो," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, हा शब्द ऐकला की घर कोसळेल. दादाचे खांदे तेवढे खाली आले, जड पिशवी खाली ठेवल्यावर येतात तसे, आणि तो रडायला लागला. मी एका हाताने त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने नंबर लावला. उचलणाऱ्याने काही पाठ केलेलं म्हटलं नाही. तो सध्या तुमच्याजवळ आहे का, घरात काय काय आहे, हेच विचारलं, आणि माणसं पोचेपर्यंत फोन ठेवला नाही.

दिवेलागणीला नर्स आली आणि सोबत लिफ्टमधली तीच बाई, आवाज तोच, हातभर कुत्र्यांचे ओरखडे घेऊन. माझाही आवाज ओळखून ती नुसती मान हलवून आत गेली. दादाशी ती बराच वेळ बोलली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. मधेच दादाने तिला काहीतरी विचारलं आणि ती म्हणाली, "नाही, रोज नाही. पण येतो तो विचार. आला की मी आता कुणाला तरी सांगते." नर्सने घरातल्या धोक्याच्या वस्तू स्वतःकडे घेतल्या, दुसऱ्या सकाळी डॉक्टरांची वेळ ठरवली, आणि पुन्हा तसं वाटलं तर आधी काय करायचं ते दादाकडूनच वदवून घेतलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटत असेल तर त्याने आमच्या घरी दोन दिवस राहून बघावं. दादा अजून दुपारी भिंतीकडे तोंड करून पडतो. आई अजून न्हाणीघराबाहेर घुटमळते. एवढंच, की गुरुवारी तो कपडे बदलतो आणि मी त्याला तिसऱ्या मजल्यावर सोडते. जिन्याने. मग पायरीवर बसून दाराआडून त्याचा आवाज येतो का बघते. आवाज नाही आला की माझा जीव टांगणीला.

मागच्या गुरुवारी तो बाहेर आला आणि घरी जायचं सोडून माझ्याशेजारी बसला.

"तुला माझा कंटाळा आलाय का?"

काहीतरीच काय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

"आलाय," मी म्हटलं. "खूप. तुझा, आईचा, त्या घराचा. तू मेलास तर मी जगू शकणार नाही, आणि तू असतोस तेव्हा मला श्वास घेता येत नाही."

मला वाटलं, आता हा उठून परत भिंतीकडे तोंड करणार. पण तो गालातल्या गालात हसला.

"बरं झालं बोललीस. तुम्ही दोघी इतक्या गोड वागायचात, की मला वाटायचं, मला निरोप देऊन मोकळ्या झाला आहात."

मग त्याने सांगितलं, पुढच्या गुरुवारी इथे घरच्यांसाठी वेगळी बैठक आहे, तीच बाई घेते. तू आत बस, मी पायरीवर थांबतो.

मरावंसं वाटतं का, हे ती मलाही सरळ विचारणार होती, आणि मला काय म्हणावं लागणार ते मला माहीत होतं.

"जाशील ना?" दादाने विचारलं.

मी त्याचा हात धरला आणि हो म्हटलं.