चोवीस स्वच्छ पोटं

माझ्या धाकट्या भावाच्या जठरातला जंतू साधासुधा नव्हे. खिळा टाकला तर टोपी तेवढी उरेल अशा आम्लात तो बिऱ्हाड थाटून बसलाय. औषधांचे चार कोर्स झाले, गडी ढिम्म. मी ज्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतो, तिथल्या संशोधक बाईंनी त्याच्याच पोटातला जंतू नेऊन, दुबळा करून, तोंडाने द्यायची जिवंत लस करायला घेतली. भाऊ गावभर सांगत सुटला, की उंदरांकडे आपले पाहुणे पाठवलेत.

घरी मात्र त्याची मस्करी बंद. उष्ट्यातून जंतू जाईल म्हणून तीन वर्षांच्या लेकीला, चिमणीला, तो आपल्या ताटातला घास देत नसे. लस निघाली की आधी तिला, एवढंच त्याचं मागणं.

माझे उंदीर असे शिस्तीचे, की मी खोकलो तर रांगेत उभे राहत. खोटं वाटलं तर वाटू दे. बाराजणांना लस पाजली, बाराजणांना नुसतं पाणी. पुढे सगळ्यांना जंतू पाजायचा आणि कोणाच्या पोटात टिकतो ते बघायचं.

लस दिल्यावर दोनच दिवसांनी, रविवारी, पाणीवाल्यांच्या खोलीतला हीटर बंद पडला. बाई फोन उचलेनात. बिचारे काकडून एकमेकांवर चढलेले. मी त्यांना उचलून लसवाल्यांच्या पिंजऱ्यांत सोडलं. कानांवर खुणा होत्याच. सोमवारी एकही न चुकता वेगळे केले. यात बाईंना सांगण्यासारखं काय होतं?

ठरल्याप्रमाणे सगळ्यांना जंतू पाजला, दीड-दोन महिन्यांनी पोटं तपासली. चोवीसच्या चोवीस स्वच्छ. मी खूश, पण बाईंनी यादी पुन्हा पडताळली. पाणीवाल्यांची कशी स्वच्छ, म्हणाल्या. तेव्हा मी रविवारचं सांगितलं.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्या हळू आवाजात म्हणाल्या. लस त्यातून तिकडे गेली असेल. नाहीतर पाजलेला जंतूच मेलेला असेल. दोन्हीकडे सारखंच, तर दाखवायचं काय? लस संपली होती, मुदतही. पुढच्या आठवड्यात त्या खोलीत दुसऱ्याच रोगाचं काम सुरू झालं.

भाऊ जेवत होता. त्याने अर्धंच ऐकलं.

"म्हणजे लागू पडली की, दादा."

"पडली असेल."

"असेल म्हणजे?"

"आता कळायला मार्ग नाही."

चिमणी त्याच्या गुडघ्याशी तोंड उघडून उभी होती. त्याने घास तिच्याकडे नेला, अर्ध्यावर थांबवला.

"जा, काकांकडे जा," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि तोंड तसंच उघडं ठेवलं.