ज्याचा प्रश्न, तो बाहेर

आमच्या अध्यक्षानं, पिन्हासनं, ग्लासवर चमचा वाजवला की बोलणाऱ्यानं गप्प बसायचं, वाक्य अर्धं राहिलं तरी. आमच्या किबुत्झच्या, म्हणजे सामायिक शेतीवस्तीच्या, सभेचा हा फार जुना नियम. हल्ल्यानंतर मृत समुद्राकाठच्या या हॉटेलात आम्हाला आणून ठेवलं, तर इथंही त्यानं आधी ग्लास मिळवला, मग चमचा, आणि सभा बोलावली. मीही त्याच नियमानं सांगते आहे.

ठराव एकच. किबुत्झच्या नावानं सरकारला पत्र लिहायचं: युद्ध थांबवा, करार करा, ओलिसांना घरी आणा, बदल्यात गाझावाल्यांचे जितके कैदी सोडावे लागतील तितके सोडा. माझा नवरा गेर्शोन तिकडे गाझात आहे. त्या ऑक्टोबरमधल्या हल्ल्याच्या सकाळी त्याला घरातून अनवाणी नेलं. पत्र गेलं म्हणजे तो सुटेल असं नाही. पण आपलीच माणसं लिहिणार नसतील तर दुसरं कोण लिहील?

मी पिशवीतून विणकाम काढलं. सभेत आम्ही बायका कायम विणायचो. गावी सामायिक जेवणघरातली टेबलं भिंतीला सरकवून सभा भरायची, आणि वाद कशावर, तर खोलीत स्वतःची चहाची किटली ठेवावी की नाही. किटली आली की लोक खोलीतच चहा पिणार, जेवणघर ओस पडणार, आणि मग समाजवादाचं काय? गेर्शोन उठून म्हणाला होता, "एका किटलीनं बुडत असेल तर तो समाजवाद आधीच"

चमचा.

अमिताय बोलायला उभा राहिला. सगळ्यांची मुलं एकत्र वाढायची त्या आमच्या बालघरात तो वाढलेला. त्याला चमचा धरायला, बुटाची नाडी बांधायला मी शिकवलं. त्याची मुलगी नोगा त्याच सकाळी मारली गेली. एकोणीस वर्षांची होती.

"मागच्या अदलाबदलीत जे कैदी सुटले तेच पुढं या हल्ल्याचे पुढारी झाले," तो म्हणाला. "आता पुन्हा सोडा. मग पुन्हा कोणाची तरी मुलगी जाऊ दे."

"म्हणजे गेर्शोननं तिथंच राहायचं?" योखेवेदनं बसल्या जागेवरून विचारलं. ती आमच्या धोबीघराची मालकीण म्हटलं तरी चालेल. सगळ्यांचे कपडे तिला माहीत, त्यामुळे सगळ्यांची गुपितंही.

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंस की. लांबून वळसा घेऊन."

"तिकडं गाझात मरताहेत त्यांचं काय, तेही लिहा," मागून कोणी म्हणालं. "रोज पोरं मरताहेत."

"त्यांच्यासाठी त्यांचे लोक लिहितील."

"कोणत्या टेबलावर बसून लिहितील?"

मला अबू साबरी आठवला. तो गाझाहून आमच्या फळांच्या शेडमध्ये कामाला यायचा. त्याच्या मेहुण्याचं किनाऱ्यावर माशांचं खाणावळवजा दुकान होतं. तेव्हा वाटेत फाटक नव्हतं. शनिवारी आम्ही ट्रकच्या मागं बसून तिकडं जेवायला जायचो. गेर्शोन मासा हुंगून अरबीत म्हणायचा, हा शिळा आहे, आणि मेहुणा त्याच्या मनगटाला धरून

चमचा.

"पिन्हास, मी नियमाचं बोलतो," अमिताय म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही, नाव मात्र माझंच घेतलं. "ज्याचा घरचा प्रश्न, तो मताच्या वेळी बाहेर. द्रोरा मत कशी देणार?"

नियम होता खरा. कोणाला शिकायला पाठवायचं, कोणाच्या आजारी आईला किबुत्झमध्ये घ्यायचं, अशा वेळी तो माणूस बाहेर थांबायचा. गेर्शोनला अरबी शिकायला विद्यापीठात जायचं होतं तेव्हा तोही जेवणघराबाहेर सूर्यफुलाच्या बिया फोडत उभा होता. मला हसू येत होतं, कारण काचेतून तो

चमचा वाजला नव्हता. मीच थांबले. उठले होते. इतक्या वर्षांची सवय. पाय आपोआप दाराकडे निघाले.

"मग तूही ऊठ," योखेवेद अमितायला म्हणाली. "नोगा कोणाची होती?"

तो उठला.

"ठीक," पिन्हास म्हणाला. "दोघं बाहेर. आता राहिलेल्यांनी..."

"माझा भाऊ," म्हणत योखेवेदही उठली. मग गोठ्यावरची दोघं नवरा-बायको उठली, त्यांची सून तिकडे होती. मग मागची रांग. नुसत्या खुर्च्या सरकत होत्या. थोड्याच वेळात आम्ही सगळे लिफ्टसमोर दाटीनं उभे होतो.

दुसऱ्या गावातून आणलेला एक म्हातारा ही रांग समजून मागे येऊन लागला. "जेवणाची का?"

"शहाणपणाची," योखेवेद म्हणाली. "पुढं काहीही शिल्लक नाही."

बाहेर चमचा नव्हता. म्हणून मी अमितायला त्या माशाचं शेवटपर्यंत सांगितलं. मेहुणा गेर्शोनला ओढत पाण्यापर्यंत न्यायचा, ओलं जाळं त्याच्या नाकाशी धरायचा आणि म्हणायचा, आता याला शिळं म्हण. दोघं चपला हातात घेऊन भांडत यायचे. अबू साबरी मला म्हणायचा, तू जेव, यांचं संध्याकाळपर्यंत चालेल.

"तो आहे का, अबू साबरी?" अमितायनं विचारलं.

"फोन लागत नाही. त्यांची गल्ली पडली म्हणतात."

त्यानं मान हलवली. 

पिन्हास रिकाम्या हातांनी बाहेर आला. "आत मी एकटाच आहे, आणि अध्यक्षाला मत नसतं," तो म्हणाला. "इथंच हात वर करा."

बाजूनं खूप हात वर झाले. माझाही. पिन्हासनं विरोधात विचारलं तेव्हा चार-पाच हात वर झाले, त्यातला एक माझ्या कानाजवळ. अमितायनं तो अर्धवट उचलला नव्हता, पुरता वर केला होता.

ठराव झाला. पत्र शनिवारी तेल अवीवच्या चौकात मोठ्यानं वाचायचं ठरलं, आणि वाचायचं मी. माणसं पांगली. अमिताय तिथंच राहिला.

"शनिवार सुट्टीचा, बस नसते," तो म्हणाला. "कशी जाणार?"

"बघेन कोणीतरी."

"मी नेतो."

"तू विरोधात आहेस."

"आहेच. पण तू पायी जावंस असा ठराव कुठं झाला?"

मी लोकर गुंडाळू लागले. तिचा गुंता झाला होता.

"वाटभर भांडणार मी तुझ्याशी," तो म्हणाला. "आत्ताच सांगतो. चौकात उभाही राहणार नाही, गाडीतच बसेन."

"भांड," मी म्हटलं. "गेर्शोनला नेल्यापासून सगळे माझ्याशी फार हळू बोलतात."