पंढरीची दुसरी साक्ष

कुंभवलीच्या नाक्यावर कारखान्यातल्या मुकादमाच्या दोन माणसांनी कैलासला जिवे मारलं, ते पाहणारा एकटा पंढरी होता, त्याच्याच खात्यातला कामगार. पंढरीच्या साक्षीवर दोघांना जन्मठेप झाली. त्या दिवशी कैलासची बायको नर्मदा कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

चार वर्षांनी हायकोर्टाने निकाल रद्द केला. साक्षी झाल्या तेव्हा आरोपींना वकीलच नव्हता, म्हणून खटला पहिल्यापासून चालवायचा होता. नर्मदाने स्वतःची समजूत घातली, खरं ते पुन्हा सांगायला काय जातं. पण पंढरीच्या बायकोने मान खाली घातली. "वहिनी, ह्यांना आता घरातली माणसंही ओळखू येत नाहीत."

तरी नर्मदा त्याला सालवडहून रिक्षाने पालघरच्या कोर्टात घेऊन गेली.

"कैलासला ओळखता?" सरकारी वकिलांनी विचारलं.

पंढरीचा चेहरा खुलला. "ओळखतो की. दुसऱ्या पाळीला गेलाय. येईल आता."

वकिलांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तो तेच म्हणाला. त्याची जुनी जबानी उलटतपासणीविना झालेली, त्यामुळे न्यायाधीशांना ती धरता येईना.

दोघे सुटणार हे नर्मदाला कळून चुकलं. निकालाला ती कोर्टात गेलीच नाही. पंढरीच्या ओट्यावर जाऊन बसली. कैलास काल डब्यातली भाजी कुणाला देऊन आला, हे पंढरी हसत हसत सांगत होता. डोळे पुसत ती म्हणाली, "आणखी सांगा ना, भाऊजी."