शेवंडींचा विणलेला पिंजरा

मित्रांनो, मी शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, धरायचा एक जुना पिंजरा आहे. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, वेला नावाच्या कोळ्याच्या शेडमध्ये मी खुंटीला टांगलेला असतो. विलोच्या झाडाच्या ओल्या, लवचिक फांद्या गुडघ्यांत धरून वेलाने मला विणले. त्याची लहानगी टॅमसिन तेव्हा उरल्यासुरल्या काड्यांशी खेळत असे.

मी पुष्कळ वर्षे राबलो. पोटात खारवलेला बांगडा घेऊन तळाशी बसायचे आणि वाट पाहायची. शेवंड आत शिरे, पण तिला बाहेरची वाट सापडत नसे. अंडी असलेली मादी आली, की वेला तिच्या शेपटीला बारीकशी खाच पाडी. खाच पाहून इतर कोळीही तिला सोडून देत.

"जा बाई, आधी बाळंतीण हो," असे म्हणत तो तिला अलगद पाण्यात सोडी.

पुढे वेलाची बोटे आखडली. होडी टॅमसिनच्या हाती आली आणि तिने तारेचे, नायलॉनच्या जाळीचे पिंजरे आणले. ते मजबूत होते. मी खुंटीवर गेलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

एका हिवाळ्यात वादळाने तिचे सारे पिंजरे ओढून नेले. शोधता शोधता वसंतात त्यांतला एक तिने तळाशी सोडलेल्या लोखंडी आकड्याला लागला. तो तिने शेडच्या दारात आणून ठेवला. आमिष केव्हाच संपले होते, तरी पिंजरा धरतच राहिला होता. आत अडकलेली शेवंड उपाशी मरे आणि तिच्या वासाने दुसरी आत येई. त्या रिकाम्या कवचांच्या ढिगात एकच मादी जिवंत होती. तिच्या शेपटीला खाच होती.

"बाबा, बाकीचे सगळे अजून खालीच आहेत," टॅमसिन म्हणाली. "ओरडा ना माझ्यावर!"

"ओरडून काय होतंय? आधी हिला पाण्यात सोडून ये."

परतली ती थेट माझ्यापाशी आली. "हा हरवला असता तर?"

"हा होय? कुजून भोक पडलं असतं त्याला. असे कितीतरी गेले माझे."

त्यानंतर तिने आणलेल्या प्रत्येक नव्या तारेच्या पिंजऱ्याला छोटे दार कापले आणि ते सुती दोऱ्याने बांधले. पिंजरा पाण्यात राहिला, तर दोरा कुजावा आणि दार उघडावे. वेलाला विणता येत नव्हते, पण गाठ दातांत धरता येत होती.

शेजारचा जोरी हसत सुटला. "सुती दोरा? उद्या शेवंडींना मोजे घालशील, टॅमसिन!"

"घालीन की. आणि विणायला तुलाच बसवीन. हं, धर हा दोरा."

त्याने तो घेतला.

आज खानावळवाला मला भिंतीवर लावायला मागत होता. वेला म्हणाला, "पुरे झालं टांगून ठेवणं. पुन्हा पाण्यात नेऊ या त्याला." टॅमसिनने मला नवी दोरी बांधली आहे.

मित्रांनो, समुद्राकडून जरूर घ्या. मी त्यासाठीच तर विणला गेलो. पण त्याच्यात जे न्याल, ते कधीतरी हातून सुटेल, हे धरून चाला. मी सुटलो, तर हळहळू नका. एक दिवस माझी एखादी काडी मोडेल, आणि आत अडकलेला जीव त्या फटीतून आपल्या घरी जाईल.