उदगीरची लाईन

विष्णुपुरीच्या महामायाबाईंनी नांदेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बरीच वर्षं ट्रंक कॉल जोडले. उदगीरच्या एक्स्चेंजच्या बोर्डावर तेव्हा रत्नम्मा असायची. दुपारी लाईन रिकामी असली की दोघी बोलत बसायच्या. लेकरांची दुखणी, सासरची कुरबुर, रात्री पडलेली स्वप्नं, सगळं. एकमेकींना पाहिलं मात्र कधीच नव्हतं. पुढे बोर्ड बंद झाले, बदल्या झाल्या आणि तो आवाज हरवला.

यंदा बाईंच्या लेकीनं, विशाखानं, दहा ठिकाणी विचारून रत्नम्माचा नंबर मिळवला. पुण्याला परत जाताना आपला जुना कॉम्प्युटर आईला लावून दिला. मंगळवारी तीन वाजता दोघी एकमेकींचं तोंड बघणार होत्या.

बाई अडीचलाच ठेवणीतली साडी नेसून बसल्या. तीन वाजले. पडद्यावर अक्षरं आली, 'इंटरनेट जोडलेलं नाही.'

हातातला साधा मोबाईल वाजला.

"अक्का, तुमी दिसनाच गेलात की," रत्नम्मा म्हणाली.

"लाईन मेली गं. तू थांब, ठेवू नको."

बाईंनी राऊटर बंद केला, शंभरपर्यंत आकडे म्हटले, पुन्हा चालू केला. काही नाही. मग विशाखानं वहीत लिहून दिल्याप्रमाणे कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून त्यांनी राऊटरला हाक देणारी आज्ञा एकेक अक्षर बघत टाइप केली. राऊटरकडून लगेच उत्तर आलं.

"घरातलं ठीक हाय," त्या म्हणाल्या. "खोट पुढं हाय."

"आपन बोर्डावर असंच करायचो न्हाई का?" रत्नम्मा हसली. "आधी आपलं तपासायचं, मग पुढच्या ठाण्याला हाक मारायची."

राऊटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत होता. राऊटरला बाहेरून येणाऱ्या केसासारख्या तारेतून वीज नाही, नुसता उजेड पळतो, असं जोडणी करणाऱ्यानं सांगितलं होतं. बाई भिंतीला हात लावून तारेमागे निघाल्या. बाहेर ऊन साचलं होतं, सगळी गल्ली झोपली होती. बोटाखालून तो न दिसणारा उजेड लोहा, कंधार, जळकोट ओलांडत उदगीरच्या दारात जातोय असं त्यांना वाटत राहिलं. कानाशी रत्नम्माचा श्वास होता. आपण साठी ओलांडलीय हे त्या क्षणभर विसरल्या.

खिडकीपाशी बोट अडलं. काल त्यांनीच कूलर भिंतीला सरकवला होता. त्याच्या पायाखाली तार काटकोनात मुडपली होती.

"सापडली बघ! कूलरच बसलाय उजेडाच्या नरड्यावर."

त्यांनी खांदा लावून कूलर हलवला आणि तार हळूच सरळ केली. तांबडा दिवा विझला. थोड्या वेळानं हिरवा लागला.

पडद्यावर एक बाई उमटली. बुटकी, गोल तोंडाची, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. महामायाबाईंनी चष्मा सारखा केला. इतकी वर्षं त्यांच्या मनातली रत्नम्मा उंच होती, सावळी, लांब वेणीची. समोरची बाईही परक्या माणसाकडं बघावं तशी बघत होती.

"तुमी... चष्मा लावता व्हय?" रत्नम्मा चाचरत म्हणाली.

"हाव."

मग रत्नम्मानं डोळे मिटले.

"आता बोला अक्का."

बाईंनीही डोळे मिटून घेतले. "काय सांगू? काल सपनात नदी आमच्या गल्लीतून चालली होती. कुनाच्या उंबऱ्याला पानी लागलं न्हाई."

"आनि तुमी?"

"मी कडंला बसून पाय भिजवले."

पलीकडून तीच जुनी, गळ्यात अडकणारी हसण्याची लकेर आली. वेणी गेली, उंची गेली, रत्नम्मा तेवढी उरली. कितीतरी वेळ दोघी तशाच बोलत राहिल्या. बाईंनी डोळे उघडले तेव्हा ते गोल तोंड त्यांना ओळखीचं वाटलं.

"रविवारी येऊ का गं उदगीरला?"

"या की," रत्नम्मा म्हणाली. "स्टँडवर मी हाक मारते. तुमी नुसतं ऐका."