आम्ही कंटाळलो की आपण?

“चहा आहे, बिस्किटं आहेत, पेपर नाही. ह्याला काय सकाळ म्हणायची?”

अनंतराव हे बिस्किटांच्या डब्याला सांगत होते, पण डबा नमिताच्या कोपराला टेकलेला होता. नाशिकहून सासरे आले तेव्हापासून आखातातल्या मुऐदरच्या त्या लहानशा घरात ही रोजची कुरकूर. तुमच्याकडे पेपर नाही, तुमचा एसी फार गार, तुमच्या नळाला कढत पाणी. मोबाइलवर वाचायचं नाव नको. म्हणे, घडी घालता येत नाही.

शुक्रवारी ते परत जायचे होते, कुलूपबंद फ्लॅटमध्ये, जिथे सकाळी दाराशी येणारा एक तो पेपरवालाच. व्हिसा वाढवता आला असता. विषय मात्र कोणी काढत नव्हतं. नमिताला वाटे, सुनेनं आग्रह केला तर बिचाऱ्यांना नाही म्हणता येणार नाही.

गंमत अशी की नमिताची नोकरीच पेपर वाचायची. वेस्ट बेमधल्या एका ऑफिससाठी ती युरोपातल्या देशोदेशींच्या पेपरांची इंग्रजी भाषांतरं वाचून अहवाल लिही. आज तनवीरसाहेबांचा निरोप होता: वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करण्यावर युरोप काय म्हणतोय? एका वाक्यात. यल्ला, म्हणजे चल, लवकर.

“बाबा, मराठीत वाचून दाखवू? प्रिंटच काढते.”

अनंतराव सावरून बसले. जर्मन पेपर गाईंच्या धारेच्या वेळेवरून करवादला होता, स्पॅनिश रात्रीच्या जेवणावरून, फिनलंडचा अंधारावरून. नमिता धडाधड मराठी करत होती आणि एका ‘वी आर टायर्ड’ला अडखळली.

“आम्ही कंटाळलो की आपण कंटाळलो?” अनंतरावांनी विचारलं.

“इंग्रजीत एकच शब्द आहे, बाबा.”

“त्यांची सोय झाली. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा उंबऱ्याबाहेर. ‘आपण’ म्हटलं की तो आत, चहा घेऊनच जाणार.”

नमितानं पेन्सिल उचलली. सगळे अग्रलेख ‘आम्ही’नं सुरू होत होते: आमच्या गाई, आमची जेवणं. पण मध्येच शेजारदेशाच्या पेपरात काय छापून आलंय त्याचा दाखला यायचा, एखादा टोमणा, आणि तिथून पुढे ‘आम्ही’ लावून बघितलं तर बसतच नव्हतं. ‘आपण’च बसत होतं.

“म्हणजे चुली वेगळ्या, पण भांडताना एकमेकांचं ऐकतात,” अनंतराव खूश झाले. “झालं की मग एक गाव!”

तिनं अहवालात तेच जरा इस्त्री करून लिहिलं. साहेबांचं उत्तर आलं: वाक्य लांब आहे, पण शुक्रन, म्हणजे आभार.

दुपारी नमिताचा नवरा श्रेयस जेवायला घरी आला. “बाबा, शुक्रवारचं चेक-इन करून टाकू? खिडकीची सीट घेऊ ना?” पेपरावाचून बाबा इथे वैतागलेत, अशी त्याची पक्की समजूत.

अनंतरावांनी प्रिंटची नीट चौघडी घातली. “घे कुठलीही. तुमच्याकडे दोन महिने झाले, पुष्कळ झालं.”

“बाबा,” नमिता पेन्सिल हातात धरूनच म्हणाली, “‘तुमच्याकडे’ कसं बसतंय इथे? लावून बघा बरं.”

अनंतरावांनी डब्याकडे पाहिलं.

“नाही बसत,” ते म्हणाले. “मला जायचं नाहीये, श्रेयस. आपल्याकडेच राहायचंय.”