नऊ मतं कमी

"चहा ठेवला आन् गेली. बघितलंस ना? कपाचा आवाजसुदिक येऊ दिला न्हाई," जनकाबाई म्हणाली. "आज चौथा दिवस हाय, रुक्मा. सून हाय का भिंत हाय?"

रुक्माबाईने आपल्या कपातल्या चहावर फुंकर मारली. दोघी ओट्यावर बसून टोळीतल्या बाकीच्या बायकांची वाट पाहत होत्या. भागवतच्या शेतात हळद काढायला जायचं होतं.

"बोलत असंल की कायतरी."

"बोलती. शेळीसंग बोलती, लेकरांसंग बोलती. माझ्यासंग न्हाई. ताट सरकवती, पाणी ठेवती, आन् माझ्याकडं अशी बघती जशी म्या कोपऱ्यातली कणगी हाय. भांडली असती तर म्या काय कमी पडले असते? दोन तिनं दिल्या असत्या, चार म्या दिल्या असत्या, घर मोकळं झालं असतं. ही आपली मिठाची गुळणी धरून बसलीय. असली रीत आमच्या टायमाला नव्हती."

"मग इचार की, काहून बोलत न्हाईस म्हून."

"म्या इचारू?" जनकाबाईने कप खाली आपटला. "म्या सासू हाय."

ज्योती काहून बोलत नाही ते साऱ्या गावाला माहीत होतं, आणि जनकाबाईला सगळ्यांत जास्त माहीत होतं.

जनकाबाईला जाऊन भिडेल अशी बाई त्या गल्लीत नव्हती. नवरा जळबा जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. दोन एकर आणि एक मुलगा, प्रज्ञेश, एवढ्यावर तिने घर उभं ठेवलं. गल्लीतल्या अकरा घरांत कुणाची सोयरीक जुळो की कुणाचं भांडण तुटो, पहिलं बोलावणं तिला. शाळा तिने पाहिली ती पस्तिशीत, रात्रीच्या वर्गाला दोन हिवाळे जाऊन. तेवढ्यात ती स्वतःचं नाव लिहायला शिकली. सही करायला तिला वेळ लागायचा. बँकेतला कारकून पेन बोटांत फिरवत बसायचा आणि मागची रांग चुळबुळायची, पण जनकाबाई एकेक अक्षर ठासून, वरची रेघ शेवटपर्यंत ओढूनच पेन खाली ठेवायची.

आणि तिथेच सगळं बिनसलं.

गावच्या फाट्यावरचं देशी दारूचं दुकान बंद करायचं म्हणून बायकांनी मतदान मागितलं होतं. पुढे सगळं संगिताने केलं. संगिता गावातली आशाताई, बत्तीस वर्षांची, पायात भिंगरी. मतदानाच्या अर्जाला बायकांच्या सह्या लागत होत्या. त्या गोळा करत ती या गल्लीत आली. बायका जमल्या. संगिताने जनकाबाईसमोर कागद धरला, पर्समधून शाईचं पॅड काढलं, उघडलं आणि तिचा हात धरून म्हणाली, "आजी, इथं अंगठा लावा."

सगळ्या गल्लीदेखत.

"माझा अंगठा लागतो म्हून कुणी सांगितलं तुला?"

"तसं न्हाई आजी, लवकर होईल म्हून..."

"ह्या गावात हातभट्टीची मडकी फुटली तवा तू झबल्यात होतीस. ती कुणी फोडली ते तुझ्या सासूला इचार जा. पॅड उचल आन् चालती हो."

संगिताने कान धरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा माफी मागितली. कदाचित तेवढ्यावर मिटलंही असतं. पण मग मतदानाचं पत्रक छापून आलं. जनकाबाईने ते ज्योतीकडून मोठ्याने वाचून घेतलं. पहिल्याच ओळीला ज्योती अडखळली.

"वाच की. काय लिवलंय?"

"'आपल्या गावात पहिल्यांदाच महिला दारूविरोधात एकत्र आल्या आहेत.'"

"पहिल्यांदाच," जनकाबाई म्हणाली. "बरं."

त्या दिवशी संध्याकाळी तिने गल्लीला सांगून टाकलं, आपल्यातल्या कुणी मताला जायचं नाही. संगिताला कळू दे, कुणाच्या जिवावर मतं मिळतात ते.

गल्लीतल्या बायका नुसत्या हं म्हणाल्या. ज्योती तेवढी म्हणाली नाही. चुलीपुढे बसून तिने हळूच सुरुवात केली, "आत्या, घरी बसलं तर मत बाटलीलाच गेल्यावानी हाय. यादीत जितक्या बाया हायेत त्यांच्या निम्म्याच्या वर बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. जी आली न्हाई ती दुकानाच्या बाजूनं."

"घरी बसलेली बाई कुणाचं काय बिघडवती? कायबी सांगती ती संगिता."

ज्योतीने भाकरी उलटली. मग ती म्हणाली, "दिवाळीनंतर दुकानवाल्याच्या पोरीचं लगीन होतं. आठ दिवस दुकान बंद होतं. ते आठ दिवस तुमचा ल्योक उजेडात घरी आला, आत्या. एक दिवस भुईमुगाच्या शेंगा आणल्या. लेकरांनी बापाला बसून जेवताना बघितलं."

"माझं पोरगं घेत न्हाई," जनकाबाई म्हणाली. शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "ट्रॅक्टरवर दिवसभर हाडं खिळखिळी होत्यात. थकून येतंय ते."

मतदानाच्या दिवशी ती सकाळीच सूप घेऊन उंबऱ्यावर बसली. तूर निवडायची होती, ती काही अगदी त्याच दिवशी निवडायला पाहिजे होती असं नाही. दहाच्या सुमाराला मागून साडीची सळसळ ऐकू आली. ज्योतीने धुतलेली साडी नेसली होती, हातात मतदानाचं कार्ड होतं.

"आत्या, जरा सरका."

जनकाबाईने तुरीतला खडा उचलून बाहेर टाकला.

"आत्या."

दुसरा खडा. मग तिसरा. गल्लीत तीन-चार दारांत बायका उभ्या होत्या, कार्डं पदराआड धरून. त्यांचं सगळं लक्ष या उंबऱ्याकडे होतं. भाताला एक उकळी यावी एवढा वेळ ज्योती पाठीशी उभी राहिली. तिचा श्वास जनकाबाईला ऐकू येत होता. मग पावलं आत गेली. थोड्या वेळाने ज्योती घरातली विटकी साडी नेसून शेळीला पाला टाकायला मागच्या दाराने निघाली. समोरची दारं एकेक करून लागली.

सांजच्याला निकाल आला. यादीत सहाशे बारा बायका. आडव्या बाटलीला पाहिजे होती तीनशे सात मतं. पडली दोनशे अठ्ठ्याण्णव. उभ्या बाटलीला, म्हणजे दुकान राहू द्या म्हणणारी, अवघी चौदा.

"चौदावाला जिकला?" जनकाबाईने रुक्माबाईला दोनदा विचारलं होतं. "असं कुठं असतंय का?"

"असंच असतंय. नऊ कमी पडली."

त्या दिवसापासून ज्योती बोलत नव्हती.

भागवतच्या शेतात ट्रॅक्टरने हळदीचे सरे उकरून ठेवले होते. बायकांनी ओल्या मातीतून गड्डे वेचायचे, झटकायचे, हळकुंडं मोडून वेगळी करायची. दुपारपर्यंत सगळ्यांचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले. आंब्याखाली भाकऱ्या सुटल्या. एरवी टोळी गोल करून बसायची, जनकाबाई मधे, आणि कुणाच्या नवऱ्याची, कुणाच्या सासूची थट्टा चालायची. आज दोन घोळके झाले. कुणी ठरवून केले नव्हते.

बायका डाव्या तळहातावर भाकरी, तिच्यावर ठेचा घेऊन जेवत होत्या. म्हणून ती बोटं दिसली. पलीकडच्या घोळक्यात प्रत्येकीच्या डाव्या बोटावर, पिवळ्या कातडीवर, शाईची काळी रेघ होती. अलीकडे एकीच्याही नव्हती.

जनकाबाईचं जेवण थांबलं. ती मोजायला लागली. अलीकडे सात. गल्लीत आज कामाला न आलेल्या चार. आणि एक आपण.

बारा.

तिने पुन्हा मोजलं. हिशोब बदलला नाही.

पलीकडून पुजाचा आवाज आला. पुजाच्या नवऱ्याने मागच्या महिन्यात तिचे डूल फाट्यावर नेऊन प्यायले होते. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "काय बाई नाजूक हात एकेकीचे! नवरीवानी निस्ते पिवळे. शाईचा डाग सोसला न्हाई वाटतं."

पलीकडे दोघी-तिघी हसल्या. मग सगळ्या जनकाबाईच्या तोंडाकडे बघायला लागल्या, कारण असल्या टोमण्याला ती काय परत करते ते ऐकण्यासारखं असायचं. जनकाबाईने उरलेली भाकरी फडक्यात बांधली. शेजारी ज्योतीने भाकरी उजव्या हातात घेतली आणि डावा हात सावकाश मांडीखाली सारला.

ते जनकाबाईने पाहिलं. पुजाच्या टोमण्याने जेवढं लागलं नव्हतं तेवढं ते लागलं. ज्योतीने कुणाचं काय चोरलं होतं म्हणून हात लपवावा?

रुक्माबाई पाण्याचा तांब्या घेऊन जवळ येऊन बसली. तिच्या बोटावर रेघ होती.

"तू गेली होतीस व्हय," जनकाबाई म्हणाली.

"गेले होते. तू इचारलं न्हाईस, म्या सांगितलं न्हाई."

"आता पुढं काय करणार संगिता?"

"काय करती. पुन्हा पहिल्यापासून सह्या. म्हणती, माझ्यात दम न्हाई राहिला. दुकानवाल्यानं तिच्या नावानं वर तक्रार केली, कामं सोडून राजकारण करती म्हून. घरचे म्हणत्यात, पुरे झालं." रुक्माबाईने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. "तुला आठवतं का, जनका, मडकी फोडाया निघालो त्या दिवशी तुजी सासू दारात आडवी झोपली होती."

"झोपली न्हाई. पडली होती. 'जायचं तर माझ्या अंगावरून जा' म्हणली."

"आमी बाहेर उभ्या होतो. आमाला वाटलं, झालं, ही काय आता येत न्हाई. चला घरी. तेवढ्यात तू लुगडं खोचलंस आन् म्हातारीवरून उडीच मारलीस!" रुक्माबाईला एवढ्या वर्षांनीही हसू आलं. "तू आलीस म्हून आमी नाल्यावरच्या भट्टीवर गेलो. न्हाईतर कुणाची टाप होती?"

जनकाबाई हसली नाही. सासू त्यानंतर वर्षभर तिच्या हातचं पाणी प्यायली नव्हती. घरात एकही माणूस सरळ बोलत नव्हतं. ते वर्ष तिने दात चावून काढलं. पण भट्टी गेली ती गेली. जळबा आधी चिडला, मग थरथरला, मग हळूहळू माणसात आला आणि पुढची अकरा वर्षं शुद्धीत जगला. बाजाराच्या दिवशी प्रज्ञेशला खांद्यावर बसवून न्यायचा. तिच्या साऱ्या आयुष्यात जर काही तिचं स्वतःचं म्हणून असेल तर ती अकरा वर्षं होती.

दुपारनंतर तिचा हात चालला तो नुसता सवयीने. दोन गड्डे तिने मातीसकट टोपलीत टाकले. ज्योतीने ते मुकाट काढून झटकले.

कामावरून सुटल्या तेव्हा ऊन अजून अंगावर होतं. बाकीच्या बायका बांधाबांधाने गेल्या. सासू-सून फाट्याच्या रस्त्याने निघाल्या, कारण दळण टाकलेलं न्यायचं होतं. ज्योती दहा पावलं पुढे, डोक्यावर रिकामी टोपली.

फाट्यावर दुकानासमोर चार-पाच मोटारसायकली लागल्या होत्या. त्यांतली एक प्रज्ञेशची. ट्रॅक्टर आज लवकर सुटला असावा. आत कुणीतरी मोठ्याने हसलं. ते हसू जनकाबाई हजारांत ओळखली असती. लहान असल्यापासून ते तसंच होतं, शेवटाला चिरकणारं.

इथून जाताना ती नेहमी रस्त्याच्या पलीकडच्या चिंचेकडे बघत जायची. आज थांबली. पूर्ण तोंड वळवून दुकानाकडे बघत राहिली. वसमतकडे जाणारी एसटी धूळ उडवत गेली, तरी तिने पदर तोंडाला लावला नाही. दुकानाच्या पायरीवर बसलेला एक माणूस तिला बघून अवघडून उठला आणि आत गेला.

मागे पाऊल वाजत नाही म्हणून ज्योतीही थांबली. वळली. सासू कुठे बघते आहे ते तिने पाहिलं आणि नजर खाली घातली.

"चला आत्या," ती म्हणाली. चार दिवसांतले हे पहिले शब्द. त्यांत राग नव्हता. थकलेल्या माणसाचा आवाज होता.

जनकाबाई चालत तिच्यापर्यंत आली. ज्योतीच्या कपाळावर घामासोबत हळदीचा ओघळ आला होता. जनकाबाईने तो पुसला नाही. ती तसली बाई नव्हती. तिने कमरेवर हात ठेवला आणि रस्त्यातच, दुकानातल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"ज्योती, तुझं चुकलं."

ज्योतीने मान वर केली.

"म्या उंबऱ्यावर बसले, सरकले न्हाई, ती माझी मस्ती होती. तिचं वझं माझं म्या वाहीन. गल्लीतल्या बाया घरी बसल्या, तेबी माझ्याच नावावर. पण तू उभी राह्यलीस आन् माघारी जाऊन साडी बदललीस. तिथं तुझं चुकलं, पोरी. पाय होते तुला. मला ओलांडून जायचं होतंस."